घरगुती नेटवर्कवरील डिजिटल दूरचित्रवाणी

घरातील एका संगणकावर ट्यूनर कार्डाच्या साहाय्याने उपग्रह, केबल किंवा जमिनीवरील मनोरा यांचे डिजिटल प्रक्षेपण पकडून ते त्याच घरातील इतर संगणक, टीव्ही व मोबाइल यांच्याकडे लॅन (घरातले तारेचे नेटवर्क) किंवा वायफायवरून थेट पाठविण्याची पद्धत. तिला इंटरनेट लागत नाही. डेटा संपला, बाहेरची जोडणी तुटली, तरी चित्र चालू राहते. 'स्ट्रीमिंग' हा शब्द दोन्हीकडे वापरला जात असल्याने ओटीटीशी तिची गल्लत होते, एवढेच.

ही पद्धत कोणाला आणि का हवीशी वाटते, ते इंदूरसारख्या शहरात नीट दिसते. ॲनालॉग केबलच्या काळात गच्चीवरून घरात एक तार येई. तिला स्प्लिटर लावला की दिवाणखाना, माजघर आणि वरची खोली अशा तिन्ही ठिकाणी टीव्ही चाले, आणि प्रत्येक जण हवी ती वाहिनी पाही. केबल कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीनंतर डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने झाले. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत इंदूर होते आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. तेव्हापासून दर टीव्हीला वेगळा सेट-टॉप बॉक्स आला आणि त्याचे वेगळे पैसेही. घरगुती स्ट्रीमिंग म्हणजे तो हरवलेला स्प्लिटरच. फक्त आता त्याचे काम सॉफ्टवेअर करते.

इंदूरच्या मराठी घरांत याला सह्याद्री वाहिनीची जोड मिळते. होळकरांच्या काळापासून येथे मराठी कुटुंबे आहेत, पण केबलवाल्याचे नेहमीचे पॅक हिंदीचे असते. दूरदर्शनची सह्याद्री मात्र डीडी फ्री डिशवर महिन्याचे पैसे न भरता दिसते. ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस या नावाने डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिच्या बहुतेक वाहिन्या कूटबद्ध नसल्याने त्या संगणकाच्या ट्यूनरलाही सरळ वाचता येतात. खासगी डीटीएच कंपन्यांचे प्रक्षेपण कूटबद्ध असते. त्यांच्या बॉक्सशिवाय आणि कार्डाशिवाय संगणकाच्या हाती नुसती न उलगडणारी माहिती लागते.

फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. इंदूर ७६ अंशांच्या जरासे अलीकडे असल्याने येथे छत्रीचे तोंड आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १४० अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर ठेवावे लागते. छत्रीसमोरचा एलएनबी (लहरी गोळा करणारे छोटे उपकरण) केयू पट्ट्यातील, म्हणजे उपग्रह टीव्हीच्या उच्च वारंवारतेच्या, लहरींची वारंवारता ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणतो आणि साध्या कोअ‍ॅक्सियल तारेतून संगणकाकडे पाठवतो. उभ्या व आडव्या ध्रुवीकरणातली (लहरींच्या कंपनाच्या दिशेतली) निवड होते ती त्याच तारेतून उलट जाणाऱ्या १३ किंवा १८ व्होल्टच्या दाबाने. म्हणूनच एकाच तारेवर सेट-टॉप बॉक्स आणि संगणक दोन्ही जोडले, तर एकाने १३ मागितले आणि दुसऱ्याने १८, की एकाचे चित्र जाते. दोन तोंडांचा एलएनबी घेतला की हा प्रश्न मिटतो.

ट्यूनरमधून बाहेर पडतो तो एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे चित्र-आवाज वाहून नेणारा माहितीचा प्रवाह. डीव्हीबी हा डिजिटल प्रक्षेपणाची मानके ठरवणारा युरोपीय प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या उपग्रह, केबल व भूस्थित अशा तिन्ही मानकांनी हाच साचा घेतला. हा प्रवाह १८८ बाइटांच्या पॅकेटांत कापलेला असतो. प्रत्येक पॅकेटचा पहिला बाइट ठरलेला असतो, दशमानात ७१. तो सापडला की वाचणाऱ्याला पॅकेटची सुरुवात कळते. पुढे १३ बिटांचा ओळख क्रमांक येतो. या क्रमांकावरून कोणते पॅकेट सह्याद्रीच्या चित्राचे, कोणते तिच्या आवाजाचे आणि कोणते शेजारच्या बातम्यांच्या वाहिनीचे, ते ठरते. क्रमांक शून्यच्या पॅकेटांत या सगळ्याची अनुक्रमणिका असते.

पद्धतीची खरी गंमत येथे आहे. उपग्रहाचा एक ट्रान्सपॉन्डर (लहरी घेऊन परत पाठवणारा संच) एक वाहिनी पाठवत नाही, तर अनेक वाहिन्यांचा गठ्ठा पाठवतो, आणि ट्यूनर तो गठ्ठा अख्खा पकडतो. सेट-टॉप बॉक्स त्यातली एक वाहिनी दाखवून बाकीच्या टाकून देतो. संगणकाला त्या टाकण्याचे कारण नाही. एकाच कार्डावर आजी सह्याद्री पाहील, वरच्या खोलीत कोणी बातम्या पाहील आणि तिसऱ्या वाहिनीचे मुद्रणही (रेकॉर्डिंग) होईल. अट एकच, तिन्ही वाहिन्या एका गठ्ठ्यातल्या हव्यात. वेगळ्या ट्रान्सपॉन्डरवरची वाहिनी मागितली तर दुसरे कार्ड लागते. रिमोटवरची भांडणे यामुळे संपत नाहीत, पण ती आता ट्रान्सपॉन्डरवरून होतात.

नेटवर्कवर टाकताना सात पॅकेटे एकत्र बांधण्याची रीत आहे. सात पॅकेटांचे १३१६ बाइट होतात. इथरनेटच्या, म्हणजे तारेच्या लॅनच्या, एका चौकटीत १५०० मावतात. आठवे घातले तर १५०४ होतील. पाठवण्याचे प्रकार मुख्यतः दोन. युनिकास्टमध्ये प्रत्येक पाहणाऱ्यासाठी वेगळी प्रत निघते. मल्टिकास्टमध्ये प्रत एकच निघते आणि ज्याला हवी तो उपकरण-गटात नाव नोंदवून ती घेतो. या कल्पनेचे मानक स्टीव्ह डिअरिंग यांनी १९८९ मध्ये आरएफसी १११२ या इंटरनेटविषयक दस्तऐवजात मांडले, आणि घरगुती वापरासाठी २३९ ने सुरू होणारे पत्ते घेतात. कागदावर मल्टिकास्ट सरस आहे. घरात मात्र तो अनेकदा त्रास देतो. स्वस्त स्विचला (लॅनच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीला) कोणी नाव नोंदवले आहे ते कळत नाही, म्हणून तो प्रवाह सगळ्याच दारांतून सोडतो. वायफायवर मल्टिकास्टची पॅकेटे सर्वांत कमी वेगाने आणि पोच न घेता पाठवली जातात. राउटर गुदमरतो आणि मोबाइलवर चित्राचे चौकोन होतात. प्रस्तुत लेखकाच्या मते मोबाइलसाठी मुकाट्याने एचटीटीपीवरचा (वेबपाने येतात त्याच रीतीचा) युनिकास्ट वापरावा. साध्या प्रतीच्या वाहिनीला २ ते ५ मेगाबिट प्रतिसेकंद पुरतात, त्यामुळे चार-पाच प्रतींनी १०० मेगाबिटच्या लॅनला काही होत नाही.

राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत वायफायचा प्रश्न वेगळाच असतो. जाड भिंतींतून, विशेषतः ५ गिगाहर्ट्झच्या लहरी, पुढे सरकत नाहीत. जिन्याच्या कडेने लॅनची तार ओढणे हाच तेथे खात्रीचा उपाय. दोष शोधायची सोपी खूण अशी : सगळ्या पडद्यांवर एकदम चित्र फुटले तर दोष गच्चीवर, बहुधा पावसाचा, कारण केयू लहरी जोराच्या पावसात क्षीण होतात, एकाच पडद्यावर फुटले तर दोष घरातल्या जोडणीत.

या कामाचे सॉफ्टवेअर बहुतांशी मुक्त स्रोत आहे. सर्वांना ठाऊक असलेला व्हीएलसी प्लेअर याच गरजेतून जन्मला. एकोल सांत्राल पारी या फ्रेंच संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये व्हिडिओलॅन प्रकल्प सुरू केला. उपग्रहावरचा टीव्ही वसतिगृहाच्या नेटवर्कवर दाखवायचा आणि त्या निमित्ताने जुने मंद नेटवर्क बदलून घ्यायचे, असा दुहेरी हेतू होता. पाठवणारा सर्व्हर आणि पाहणारा क्लायंट असे त्याचे दोन भाग होते. २००१ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली खुला झाला. पुढे क्लायंटच सर्व्हरचेही काम करू लागला. लिनक्सवर मिथटीव्ही आणि टीव्हीहेडएंड प्रचलित आहेत. टीव्हीहेडएंडचे पान ब्राउझरमध्ये ९९८१ क्रमांकाच्या पोर्टवर उघडते. २०१२ मध्ये एसईएस या उपग्रह कंपनीच्या पुढाकाराने सॅट-आयपी हे मानक आले, त्यात संगणकाऐवजी एक छोटी पेटीच ट्यूनरचे काम करते.

इंदूरमध्ये हवेतून डिजिटल प्रक्षेपण पकडण्याची सोयही झाली होती. दूरदर्शनने २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत मोबाइल व डाँगलवर दिसणारी डीव्हीबी-टी२ (भूस्थित प्रक्षेपणाचे मानक) सेवा सुरू केली, त्यांत ते होते.

प्रत्येक पडद्याचे बफर (पुढचे चित्र थोडे साठवून ठेवण्याची जागा) वेगळे असल्याने घरातल्या घरात चित्र सेकंद-दोन सेकंद मागेपुढे होते. होळकर स्टेडियमवर सामना असला की हे जाणवते. माजघरातून षटकाराचा ओरडा आला, की वरच्या खोलीत गोलंदाज अजून धावतच असतो.

कायद्याची बाजू वाड्यात नाजूक होते. प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ मधील कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपणाचे मुद्रण करण्याने प्रक्षेपकाच्या अधिकाराचा भंग होत नाही. पण एकाच वेळी एकापेक्षा अधिक कुटुंबांना किंवा निवासस्थानांना प्रक्षेपण पोहोचवले, तर कायद्याच्या व्याख्येत ते जनतेपर्यंत पोहोचवणे ठरते. हॉटेलच्या खोल्याही त्यात धरल्या आहेत. वाटण्या होऊन वाडा एक आणि चुली तीन झाल्या असतील, तर काकांच्या बाजूला ओढलेली तार घरगुती नेटवर्कची राहते का, हा विचार स्विच विकत घेण्याआधी करावा.