रडवे बाळ आणि आईबापांचे मानसिक आरोग्य (बेळगाव सीमाभाग)

पोट भरलेले आहे, अंगात ताप नाही, तरी तान्हे बाळ तासन्‌तास रडते. याला अतिरडणे म्हणतात. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल यांनी १९५४ मध्ये दिलेली खूण आजही वापरली जाते: दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त, असे ३ आठवड्यांहून जास्त चाललेले रडणे. साधारण सहाव्या आठवड्यात ते टिपेला पोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरते. आईच्या दुधाचा किंवा हाताचा यात दोष नसतो.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत दिवेलागणीला बाळ सुरू झाले, की शेजारीण दारातूनच विचारते, “का रडालंय गं पोरगं? दूध पुरंना झालंय काय?” मीठ-मोहरीने दृष्ट काढली जाते, ओव्याची धुरी होते, सहाणेवर बाळगुटी उगाळली जाते. दृष्ट काढल्याने नुकसान नाही, घरच्यांना धीरच येतो. धुराने मात्र बाळाची छाती भरते आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही, मधाचे बोटसुद्धा, देऊ नये. पण खरी इजा त्या प्रश्नाने होते. बाळंतिणीच्या मनात तो रात्रभर घोळतो.

बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येणे, मन हळवे होणे नेहमीचे. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपले तरी डोळा लागत नसेल, बाळ नकोसे वाटू लागले, तर ते नैराश्य असू शकते. ते बापालाही येते. वडगाव-खासबागेत मागावर दिवसभर उभा राहून आलेला माणूस रात्री झोळी हलवत बसतो, त्याची विचारपूस कोणी करत नाही.

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. ४२ वा दिवस म्हणजे सहावा आठवडा, रडणे टिपेला पोचण्याची वेळ. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. या मधल्या आठवड्यांची जबाबदारी घराने आणि गल्लीने घ्यायला हवी: कोणीतरी तासभर बाळ घ्यावे, आईला जेवून झोपू द्यावे.

संताप अनावर झाला तर बाळाला पाळण्यात उताणे ठेवून पाच-दहा मिनिटे बाहेर जावे. बाळाला कधीही गदगदा हलवू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, टाळू फुगणे किंवा दूध न ओढणे दिसले तर लगेच डॉक्टर गाठावा.

‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था ‘डिमहान्स’ जवळ आहे. उपचारांसाठी आईला दाखल व्हावे लागले, तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालचे मूल तिच्यापासून सहसा वेगळे करता येत नाही. बाळ हिसकावतील या भीतीने गप्प बसलेल्या सुनेला हे घरच्यांनीच सांगावे.