पेगचं इंजेक्शन म्हणजे डेपो नव्हे

परळला केमोच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना आणि फार्मसीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांनाही एक वाक्य पाठ असतं: ‘पेगवालं इंजेक्शन शरीरात हळूहळू सुटतं, म्हणून एकच पुरतं.’ हे इंजेक्शन म्हणजे केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवणारं पेगफिलग्रास्टिम. एक पुरतं हे खरं. पण हळूहळू सुटतं ते डेपो, म्हणजे औषधाचा साठा शरीरात ठेवणारं इंजेक्शन.

डेपोचं उदाहरण म्हणून प्रोस्टेटच्या कर्करोगातलं महिन्याचं ल्युप्रोलाइड घ्या. पीएलजीए या पॉलिमरच्या बारीक कणांत औषध कोंडलेलं असतं. कण स्नायूत झिजत जातात, औषध झिरपत राहतं. बाहेर पडलेला रेणू मूळचाच, रक्तात काही तासच टिकणारा. महिनाभर टिकतो तो साठा.

पेगमध्येही पॉलिमर आहे, आणि घोळ तिथेच होतो. पण इथे पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे पेगची, साखळी प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडलेली असते. काही कोंडलेलं नसतं, त्यामुळे सुटायलाही काही नसतं. साखळीसकट अख्खा रेणूच औषध म्हणून काम करतो.

पेग नसलेल्या साध्या फिलग्रास्टिमच्या रेणूचं वजन सुमारे 19 हजार डाल्टन (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). मूत्रपिंडाच्या गाळणीतून ते निसटतं, साडेतीन तासांत निम्मं होतं, म्हणून रोज टोचावं लागतं. त्याच्या टोकाच्या मेथिओनिन या अमिनो आम्लाला 20 हजार डाल्टनची पेगसाखळी जोडली की झालं पेगफिलग्रास्टिम. वजन दुप्पटच होतं, पण साखळी भोवती पाणी धरून ठेवते, त्यामुळे रेणूचा घेर त्याहून खूप वाढतो आणि मूत्रपिंडाची वाट जवळजवळ बंद होते. अर्धायुकाल, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, जातो 15 ते 80 तासांवर.

इतका मोठा फरक एकाच औषधात का? कारण मूत्रपिंडाची वाट बंद झाल्यावर ते संपवणाऱ्या मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच उरतात. केमोने त्या घटलेल्या असेपर्यंत औषध रक्तात राहतं. त्या वाढल्या की आपल्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरने त्याला पकडून आत घेतात आणि संपवतात. डेपोचा महिना कारखान्यात ठरतो, पेगफिलग्रास्टिमची मुदत या पेशी बनवणाऱ्या रुग्णाच्या अस्थिमज्जेत ठरते. या विषयात मला याहून सुंदर काही माहीत नाही, आणि ‘स्लो रिलीज’ म्हटलं की नेमकं हेच झाकलं जातं. त्यामुळे पेगफिलग्रास्टिमच्या 6 मिलिग्रॅमच्या सिरिंजमध्ये साध्या फिलग्रास्टिमचे 300 मायक्रोग्रॅमचे वीस रोजचे डोस भरलेत, हा हिशेबही सोडून द्या.

अजून शंका असेल तर रक्ताच्या कर्करोगातलं पेगास्पारगेज, म्हणजे पेग जोडलेलं अॅस्पॅराजिनेज, पाहा. ते शिरेतूनही देतात. शिरेत साठा कुठे राहणार? तरीही त्याचा अर्धायुकाल पाच दिवसांच्या वर जातो. साध्या अॅस्पॅराजिनेजचा सव्वा दिवसाच्या आसपास असतो.

साखळी मुद्दाम सुटेल अशी बांधलेली औषधंही आहेत. अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळालेलं लोनापेगसोमाट्रोपिन हे वाढीचं संप्रेरक त्यातलं. पण तो अपवाद, आणि तो मुद्दाम घडवावा लागला.

वॉर्डात याचा अर्थ सरळ आहे. रोजचं फिलग्रास्टिम उद्यापासून थांबवता येतं. पेगफिलग्रास्टिम एकदा टोचलं की परत घेता येत नाही. म्हणून केमोनंतरचे 24 तास आणि पुढच्या केमोआधीचे 14 दिवस ते द्यायचं नसतं, कारण त्याने भराभर विभागायला लागलेल्या मज्जेतल्या पेशी केमोच्या माऱ्यात सापडू शकतात. गावची गाडी पकडायची आहे म्हणून ‘आजच टोचून टाका, हळूहळूच सुटणार आहे’ असा आग्रह नर्सकडे कृपा करून धरू नका.