खिडकीचा फोटो आणि खिडकीतला माणूस : पार्श्वभूमी

फोटोग्राफीच्या इतिहासाची सुरुवात सगळेच एका फ्रेंच खिडकीपासून करतात, म्हणून ती आधी उरकून घेऊ. बर्गंडीतल्या सें-लू-द-वारेन या गावी, 1826 किंवा 1827 साली, माडीवरच्या खिडकीत कॅमेरा ठेवून काढलेलं चित्र हे आज टिकून असलेलं कॅमेऱ्यातलं सर्वांत जुनं छायाचित्र मानलं जातं. मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा पातळ थर होता. उजेड लागला तिथे तो कडक झाला आणि उरलेला लव्हेंडरच्या तेलाने धुऊन निघाला. एक्स्पोजर, म्हणजे पत्र्यावर उजेड पडू देण्याचा वेळ, आठ तासांचं होतं असं बहुतेक पुस्तकं सांगतात, पण पुढे झालेल्या अभ्यासावरून ते काही दिवसांचं असावं असं दिसतं. ते चित्र खिडकीतून काढलेलं आहे. खिडकीचं नाही.

खिडकी स्वतः विषय झाली ती ऑगस्ट 1835 मध्ये, इंग्लंडमधल्या लॅकॉक ॲबी या जुन्या मठवजा घरात. टपालाच्या तिकिटाएवढा कागदाचा तुकडा, त्यावर जाळीदार तावदानांची खिडकी. टिकून राहिलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. शेजारी काढणाऱ्याने लिहून ठेवलं आहे की नवी असताना भिंगातून पाहिलं तर काचेचे सुमारे 200 चौकोन मोजता येत. यात काव्य शोधायची गरज नाही. लवकर छाप न धरणाऱ्या कागदावर काही उमटवायचं तर हलत नाही आणि भरपूर उजळ आहे अशी वस्तू हवी, आणि अंधाऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला अशी एकच वस्तू समोर दिसते.

त्यानंतरची पन्नास-साठ वर्षं खिडकी विषय कमी आणि अवजार जास्त होती. स्टुडिओ म्हणजे उत्तरेकडे तिरपं काचेचं छप्पर असलेली वरच्या मजल्यावरची खोली. उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही, म्हणून सावल्या मऊ पडतात आणि तासातासाला बदलत नाहीत. युरोपात असे स्टुडिओ होते तसे मुंबईतही. आपल्याकडे याच काळात इमारतींच्या नोंदी करणाऱ्या फोटोग्राफरांनी अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीची दगडी जाळी, जयपूरच्या हवामहलाचे झरोके असे विषय पुनःपुन्हा काढले. पण त्यांना हवी होती कारागिरी. जाळीमागे कोण उभं आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं आणि कॅमेऱ्याला ते दिसण्यासारखंही नव्हतं. विजेचे दिवे आले तशी स्टुडिओची काच झाकली गेली आणि खिडकी मोकळी झाली, असं थोडक्यात म्हणता येईल.

विसाव्या शतकात दोन धारा दिसतात. पहिली, घरात अडकलेल्या माणसाची. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला एक झेक फोटोग्राफर 1940 पासून, प्राग जर्मनांच्या ताब्यात असताना, आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढायला लागला आणि 1954 पर्यंत काढत राहिला. काचेवर साचलेलं बाष्प, पलीकडे अंगणातलं वाकडं झाड, कधी उंबऱ्यावर एक पेला. बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणं धोक्याचं होतं हे त्यामागचं साधं कारण, पण युद्ध संपलं तरी त्याने ती खिडकी सोडली नाही. न्यूयॉर्कमध्ये पन्नाशीच्या दशकात एका मासिकाच्या नोकरीतून बाहेर पडलेल्या छायाचित्रकाराने सिक्स्थ ॲव्हेन्यूवरच्या माडीवरून खालचा रस्ता असाच वर्षानुवर्षं टिपला. या सगळ्यांत नजर आतून बाहेर जाते आणि बाहेरचा माणूस सार्वजनिक रस्त्यावर असतो. त्यावर कुणी भांडलं नाही.

भांडण दुसऱ्या धारेचं आहे, बाहेरून आत बघणारीचं. ते समजायला आधी काच समजली पाहिजे. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करायची पद्धत एका इंग्रज कंपनीने 1959 मध्ये जाहीर केली आणि त्यानंतर भिंतीएवढी तावदानं स्वस्त झाली. अशी काच दिवसा बाहेरून आरसाच असते, कारण बाहेरचं आभाळ आतल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट उजळ. संध्याकाळी हे प्रमाण हळूहळू उलटतं. आतला आणि बाहेरचा उजेड बरोबरीला येतो ती वीसेक मिनिटं फोटोग्राफरांच्या आवडीची, कारण तेव्हा चौकट, भिंत, आतलं घर सगळंच एका एक्स्पोजरमध्ये बसतं. त्यानंतर फक्त आतलं दिसतं. आत राहणाऱ्याला मात्र त्याच क्षणापासून काचेत स्वतःचाच चेहरा दिसायला लागतो, आणि आपल्याला कुणी बघत असेल हे त्याच्या ध्यानातही येत नाही. वादाचं मूळ इथे आहे. (लेन्सपुढे पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारी फिल्टर, लावून काचेच्या पृष्ठभागाशी पस्तीसेक अंशांच्या कोनात उभं राहिलं की प्रतिबिंब दिवसाही बरंच पुसता येतं, हे हौशी मंडळी पहिल्याच वर्षी शिकतात. ते कधी वापरू नये, हे मात्र त्यांना कुणी शिकवत नाही.)

पहिली ठिणगी 1994 ची. न्यूयॉर्कमधल्या एका बेकायदा क्लबच्या न्हाणीघराची मळकट खिडकी समोरच्या इमारतीतून टिपणाऱ्या एका फोटोग्राफर बाईंना तज्ज्ञांच्या समितीने केंद्रीय अनुदानासाठी सुचवलं होतं, ते वरच्या परिषदेने नाकारलं. पण तो वाद सरकारी पैसा कुठल्या कलेला द्यायचा याचा होता. खिडकीतल्या माणसाचं काय, हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो पुढे, 2013 मध्ये.

मॅनहॅटनच्या ट्रायबेका भागात एका फोटोग्राफरच्या घरासमोर काचेची निवासी इमारत होती. पक्षी बघणाऱ्या एका मित्राकडून वारशाने आलेली लांब टेली लेन्स त्याच्याकडे होती. 2012 पासून त्याने समोरच्या घरांतली माणसं टिपली : जेवणाचं टेबल, सोफ्यावर झोपलेलं कुणी, पडद्यामागची पाठ. बहुतेक चेहरे अर्धवट झाकलेले. खिडक्यांच्या पट्ट्या चित्राला आयत्याच चौकटी देत होत्या आणि जुन्या डच चित्रांसारखा उजेड होता. फोटो देखणे आहेत, यात शंका नाही. आपल्या घरातल्या सावलीत उभं राहून मी त्यांच्या घरातले फोटो काढतो आणि त्यांना ते कळत नाही, असं प्रदर्शनाच्या निवेदनात खुद्द त्यानेच सांगून टाकलं होतं. मे 2013 मध्ये चेल्सीतल्या एका गॅलरीत ते विक्रीला लागले. त्यात दोन लहान मुलांचे फोटो होते आणि मुलीचा चेहरा ओळखू येत होता. आईवडील कोर्टात गेले.

ते हरले. दोनदा. आधी 2013 मध्ये, मग एप्रिल 2015 मध्ये अपिलात. याचं कारण न्यूयॉर्कच्या कायद्याच्या जन्मकथेत आहे. एका मुलीचं चित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापलं गेलं, 25,000 प्रती दुकानोदुकानी लागल्या, आणि 1902 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला दाद दिली नाही. लोक चिडले, म्हणून 1903 मध्ये विधिमंडळाने कायदा केला : जाहिरात किंवा व्यापार यांसाठी कुणाचं नाव किंवा चित्र लेखी संमतीशिवाय वापरायचं नाही. बस, एवढंच. घरात डोकावण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही, कारण ज्या तक्रारीतून तो आला ती पिठाच्या पोत्याची होती. 2015 च्या न्यायाधीशांनी म्हटलं की हे फोटो कला आहेत, कलेला अभिव्यक्तीचं संरक्षण आहे, आणि विकली गेली म्हणून कला व्यापार ठरत नाही. वागणूक खटकणारी आहे हेही त्यांनी मान्य केलं आणि नव्या तंत्रज्ञानाने घरात घुसणाऱ्या नजरेचा विचार विधिमंडळाने करावा, असंही सुचवलं.

हा निकाल फोटोग्राफरांच्या वर्तुळात विजय म्हणून मिरवला जातो. तो तसा वाचू नये. कोर्टाने फोटोग्राफरची बाजू उचलली नाही, हातात असलेलं कलम तोकडं पडतं एवढंच सांगितलं. काचेच्या घरात राहायला जाणाऱ्याने बघितलं जाणं पत्करलेलं असतं, हा युक्तिवाद तर मला कधीच पटलेला नाही. पत्करलेलं असतं ते समोरच्याचं ओझरतं बघणं. दुर्बिणीएवढी लेन्स, वर्षभराची पाळत आणि त्यानंतरची भिंतीवरची छापील प्रत नव्हे.

हाच युक्तिवाद पुढे लंडनमध्ये 2023 पर्यंत चालला. थेम्सच्या दक्षिण काठावरच्या एका कला संग्रहालयाने 2016 मध्ये वरच्या मजल्यावर चारही बाजूंनी फिरता येईल असा सज्जा उघडला. शेजारी पूर्ण काचेच्या भिंतींचे फ्लॅट. प्रेक्षक शहराऐवजी लोकांच्या स्वयंपाकघरांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू लागले. 2019 च्या निकालाचा सूर, काच तुम्हीच निवडलीत, पडदे लावा, असा होता. 2020 मध्ये अपिलाच्या न्यायालयाने सांगितलं की नुसतं वरून दिसणं हा कायद्याने उपद्रव होतच नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी दोन्ही उलटवले : हे प्राणिसंग्रहालयात ठेवल्यासारखं आहे आणि असं जगायला लावणं हा उपद्रवच. न्यूयॉर्कमध्ये एक माणूस होता, इथे वर्षाला लाखो; पण मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. त्रास झालेल्यानेच पडदा लावायचा, हा नियम नाही, हे कुणीतरी स्पष्ट म्हटलं.

दरम्यान काही फोटोग्राफरांनी कोर्टाची वाट न बघता आपापला मार्ग काढला होता. एका जपानी कलावंत बाईंनी 1998 ते 2000 या काळात तळमजल्यावरच्या अनोळखी घरांत निनावी पत्रं टाकली : अमुक दिवशी, अमुक वाजता, दिवे लावून दहा मिनिटं खिडकीत एकटे उभे राहाल का? नको असेल तर पडदा ओढून घ्या. जे उभे राहिले त्यांचे फोटो आहेत, सरळ लेन्सकडे बघणारे. न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये दुसऱ्या एका बाईंनी शेजाऱ्यांची आधी ओळख करून घेऊन, परवानगीने, समोरच्या खिडकीतून फोटो काढले. हे फोटो चोरून काढलेल्या फोटोंपेक्षा फिके असतील असं वाटतं. ते फिके नाहीत.

2020 च्या टाळेबंदीत तर सगळेच खिडकीचे फोटोग्राफर झाले. आपल्याकडे 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या तेव्हा चाळींच्या गॅलऱ्यांतून समोरच्या गॅलऱ्यांचे जे फोटो निघाले, त्यात कुणी कुणाला विचारलं नव्हतं. पण बघणारा आणि दिसणारा दोघेही एकाच अवस्थेत होते, म्हणून कुणाला खटकलं नाही.

गोव्यात मात्र खटकू लागलं आहे. पणजीच्या फोंताइन्याशमधल्या रंगीत भिंती आणि खिडक्या प्री-वेडिंगवाल्यांच्या आवडीच्या, आणि तिथल्या काही घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आल्या आहेत. गंमत अशी की गोव्याच्या जुन्या घरांत या प्रश्नाला उत्तर होतं. काच दुर्मीळ होती तेव्हा चपट्या, पारभासक शिंपल्यांचे तुकडे कापून लाकडी पट्ट्यांच्या जाळीत बसवत. त्यातून दुधट उजेड आत येतो, नजर येत नाही. बाहेरून फोटो काढला तर फक्त जाळी मिळते, माणूस मिळत नाही. तो शिंपला 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत असल्याने नव्या खिडक्या तशा करणं आता सोपं राहिलेलं नाही.

भारतात ट्रायबेकासारखी तक्रार आली तर काय होईल? इमारतीचा फोटो काढायला आणि छापायला कॉपीराइट कायदा मोकळीक देतो. चोरून बघण्याविरुद्धचं, 2013 मध्ये दंड संहितेत आलेलं आणि 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये गेलेलं कलम फक्त स्त्रीच्या आणि फक्त खासगी कृतीच्या चित्रणाला लागू पडतं. जेवणाच्या टेबलावर बसलेलं कुटुंब त्यात बसत नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, पण तो मुख्यतः सरकारविरुद्ध वापरायचा. शेजाऱ्याच्या नजरेबद्दल थेट बोलणारा जुना मजकूर आहे तो 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 18 खालच्या उदाहरणात. शेजाऱ्याच्या घरात डोकावणारी खिडकी पाडू न देण्याची गुजरातेत पूर्वापार चालत आलेली रूढी मुंबईच्या न्यायालयाने त्याआधीच मान्य केली होती. ज्या गावी तशी रूढी असेल तिथे शेजाऱ्याच्या घरातला एरवी न दिसणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी पाडता येत नाही, असं ते उदाहरण सांगतं. जुन्या खिडकीत नवी लेन्स लावली तर काय, हे त्यात नाही.