आता लॉगिनला फक्त ईमेल

नमस्कार. येत्या महिन्यापासून तुमच्या ऑर्डरच्या साईटवर यूजरनेम विचारलं जाणार नाही. ईमेल आणि पासवर्ड, बास.

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या एका फाउंड्रीवाल्या ग्राहकाकडं चार पाटील आहेत. 'पाटील', 'पाटील1', 'पाटीलन्यू', आणि चौथ्याला स्वतःचं यूजरनेम कधीच आठवत नाही. ऐन बिलं काढायच्या दिवशी फोन येतो, "माझं यूजरनेम तेवढं सांगा की." ईमेल मात्र तोंडपाठ असतो, आणि पासवर्ड विसरला तर नवा ठेवायची लिंकही तिथंच जाते.

तुमच्याकडं स्वतःचा डेव्हलपर असेल तर एवढा परिच्छेद त्याला दाखवा. आमचं काम जँगोवर, म्हणजे साईट बनवायच्या एका तयार सॉफ्टवेअर-साच्यावर चालतं. जँगो मुळात यूजरनेम धरून चालतो. दोन खात्यांना एकच ईमेल असला तरी हरकत घेत नाही. नव्या साईटला ॲबस्ट्रॅक्टयूजरवरून आपलं यूजर मॉडेल करायचं, यूजरनेम काढायचं, ईमेल युनिक करायचा, यूजरनेम_फील्डला ईमेल द्यायचा आणि रिक्वायर्ड_फील्ड्स रिकामं ठेवायचं. बरेचजण इथंच थांबतात, मग क्रिएटसुपरयूजर चालवल्यावर एरर बघत बसतात. जुना मॅनेजर यूजरनेम मागतोच, म्हणून तोही नवा लिहायचा. ऑथ_यूजर_मॉडेलचं सेटिंग मात्र पहिल्या मायग्रेटच्या आधीच. नंतर बाकीची टेबलं यूजरच्या टेबलाला बांधली जातात आणि ती गाठ सोडवताना घाम फुटतो. त्यामुळं चालू साईटच्या टेबलांना आम्ही हात लावत नाही. ईमेलवरून खातं शोधणारं बॅकएंड तेवढं जोडतो.

एक खोड लक्षात ठेवण्यासारखी. मोबाईलचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो. जँगो @ नंतरचा भाग स्मॉल करतो, आधीचा तसाच ठेवतो. म्हणजे एकाच माणसाची दोन खाती! आम्ही सगळा पत्ता स्मॉल करूनच साठवतो.

आता तुमचं काम. शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीवर मालक, दिवाणजी आणि धाकटे चिरंजीव, तिघांत मिळून एक जीमेल, असं आता चालणार नाही. दर कुणी बदलला हे मग कसं कळायचं? दिवाणजींना वेगळा ईमेल काढून द्या. कुणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी कळवा, खातं बंद करतो. पासवर्डची लिंक जँगोत 3 दिवस चालते, आम्ही ती 1 तासावर आणली आहे. मेल दिसला नाही तर आधी स्पॅम बघा.

नावं आणि ईमेलची यादी व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा. वहीच्या पानाचा फोटो नको. 'एल' आहे की 1, हे विचारायला पुन्हा फोन करावाच लागतो.