लिंबाची शिकंजी आणि इंदूरची शिकंजी

मे महिन्यातल्या एका दुपारी इंदूरच्या राजवाड्याचा परिसर पायी पाहून झाल्यावर दिल्लीहून आलेल्या आमच्या आत्याने एका दुकानात शिकंजी मागितली. तिला हवे होते काळे मीठ घातलेले लिंबाचे पाणी, आणि समोर आला दाट, केशरी झाक असलेला, बेदाणे घातलेला पेला, सोबत चमचा. तिने तो आवडीने संपवला, पण तहान भागली नाही आणि लगेच पाणी मागावे लागले. यात चूक कोणाचीच नव्हती, कारण एकाच नावाची ही दोन निराळी पेये आहेत.

आत्याच्या मनातल्या शिकंजीची वंशावळ फार जुनी आहे. फारसीतल्या 'सिरका' आणि 'अंगबीन', म्हणजे शिरका आणि मध, या दोन शब्दांच्या जोडीतून 'सिकंजबीन' हे नाव घडले. युनानी वैद्यकात ते औषध होते आणि मध्ययुगीन हकीम इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या वैद्यकीय लेखनातही त्याचा उल्लेख येतो. इराणमध्ये आजही शिरका, गोडी आणि पुदिना यांचा दाट पाक करून तो पाण्यात मिसळून पितात, शिवाय त्यात लेट्यूसची पाने बुडवून खातात. उत्तर भारतात शिरक्याच्या जागी लिंबू आणि मधाच्या जागी साखर आली, त्यात काळे मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड पडू लागली. घामावाटे शरीरातले पाणी आणि मीठ दोन्ही जातात व हे पेय ती दोन्ही परत देते. म्हणूनच हकिमाच्या दवाखान्यातले हे सरबत उन्हात राबणाऱ्या माणसाचे, रस्त्याकडेच्या गाडीवरचे पेय झाले, आणि ही मला त्याची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

इंदूरच्या शिकंजीत शिरका नाही, मध नाही आणि लिंबूही नाही. दूध मंद आचेवर आटवून पूर्ण गार करायचे, मग त्यात आंबटसर दह्याचा मठ्ठा, साखर, केशर, वेलची, जायफळ आणि सुका मेवा घालायचा. दूध गरम असताना आंबट घातले तर ते फाटते, त्यामुळे या पेयात घाई चालत नाही. जुन्या नावाशी नाते जोडायचेच तर ते आंबट-गोडाच्या जोडीत शोधावे लागते, फक्त आंबटपणा इथे दह्याकडून येतो.

पुण्या-मुंबईचे पाहुणे पहिल्या घोटालाच "हे तर पियूष!" म्हणतात. केशर-जायफळाच्या वासामुळे तसे वाटणे साहजिक आहे, तरी पियूष ताक आणि श्रीखंडापासून होते व पातळ असते, तर शिकंजीचा पाया आटीव दुधाचा असल्याने तिच्यात बासुंदीचा भारदस्तपणा येतो.

खरा फरक मात्र वेळेचा आणि संगतीचा आहे. लिंबाची शिकंजी दुपारी, उभ्या उभ्या, दोन घोटांत संपते. इंदूरची शिकंजी रात्रीची, रेंगाळण्याची आहे. १८१८ मध्ये इंग्रजांशी झालेल्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इथे आली आणि राजवाड्याभोवतीच्या पेठा वाढत गेल्या. त्यांतल्या सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीचा व्यवहार चालतो, आणि पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याची दुकाने लागतात, जी मध्यरात्र उलटली तरी गजबजलेली असतात. रात्रीच्या वर्दळीने पेढ्यांची राखणही होते, असे जुनी माणसे सांगतात. तिथे शिकंजी तहानेसाठी कोणी मागत नाही. तिखट खाणे झाल्यावर घरची चार माणसे मिळून ती चमच्याने सावकाश खातात, कारण तिला 'पिणे' हे क्रियापद जेमतेमच लागू पडते.

त्याच आत्याला आम्ही दुसऱ्या रात्री सराफ्यात नेले आणि भुट्ट्याच्या किसानंतर पुन्हा शिकंजीचा पेला तिच्या हाती दिला. या वेळी तिने पाणी मागितले नाही. जायफळ किती घातले आहे, एवढेच तिने विचारले.