जलपर्णीने तलावाचं पाणी शुद्ध होतं का?

"जलपर्णी पाणी शुद्ध करते, ती काढू नका" असा मजकूर बरीच वर्षं फिरतोय. सोलापुरात कंबर तलावावर हिरवागार थर पाहिला की तो पटतोही, कारण त्यात अर्धं सत्य आहे. सांडपाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस आणि काही जड धातू जलपर्णी खरोखर शोषते.

पण शोषलेलं सगळं तिच्या पानामुळांतच साठतं. ती वेळेवर काढून तलावाबाहेर नेली तरच घाण बाहेर जाते. जागच्या जागी कुजली, तर तीच घाण परत पाण्यात उतरते आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजनही खर्च होतो. शिवाय दाट थराखाली ऊन पोचत नाही, मासे गुदमरतात, डासांना आसरा मिळतो. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली; पोषक पाणी मिळालं की साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते.

पडताळायचं असेल तर पहाटे काठावर जा. थराच्या कडेला मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले किंवा कुजक्या अंड्यांचा वास आला, तर खाली ऑक्सिजन संपत आलाय. नाला तलावात कुठे मिळतो तेही बघा. जलपर्णीला खत तिथूनच मिळतं. तो बंद केल्याशिवाय नुसती काढून भागत नाही, कारण तिचं बी चिखलात अनेक वर्षं टिकतं.