एकट्याने कार्यक्रम, एकाच फेरीत सामान

एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकारांसाठी, वाद्यांच्या केस, बॅगा आणि ट्रॉल्या बनवणाऱ्या आमच्या वर्कशॉपकडून

केस बनवून घ्यायला कुणी आलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडीपासून स्टेजपर्यंत तुमच्या किती फेऱ्या होतात? वाद्याचं माप आम्ही नंतर घेतो.

बँडमध्ये एक जण गाडीपाशी थांबतो, दुसरा स्टेजवर सामान लावतो. तुम्ही एकटे असता तेव्हा दुसरी फेरी सुरू झाली, की सामानाचा एक हिस्सा कुणाच्याही नजरेखाली नसतो. मोडलेली गिटार घेऊन येणाऱ्यांना आम्ही विचारतो, कसं झालं? वाजवताना मोडली असं सांगणारा क्वचितच भेटतो. "स्पीकर आणायला परत गेलो होतो, भिंतीला टेकवून ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागला," हे वाक्य मात्र आम्ही इतक्यांदा ऐकलंय, की या माहितीपत्रकातला सगळा सल्ला त्याच्याभोवती फिरतो. सामान एका फेरीत जायला हवं. नाहीच जमलं तर दोन. तिसरी फेरी लागत असेल तर काहीतरी घरी ठेवायची वेळ आली आहे.

आधी सगळं जमिनीवर मांडा

कार्यक्रमाला जे जे नेता ते एकदा घरी जमिनीवर मांडा आणि प्रत्येक वस्तूचं वजन करा. साधा वजनकाटा पुरतो. वस्तू घेऊन काट्यावर उभे राहा, मग त्यातून स्वतःचं वजन वजा करा. १२ इंची अॅक्टिव्ह (आतच अँप्लिफायर असलेला) स्पीकर साधारण १३ ते १८ किलोचा भरतो. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड ५ ते ७ किलोच्या आसपास असतो, तर पियानोसारख्या जड पट्ट्यांचा ८८ चा कीबोर्ड ११ किलोपासून २० किलोच्याही पुढे जातो. गिटार स्वतः हलकी, पण तिची हार्ड केस चार-पाच किलो वाढवते. दोन स्पीकर, दोन स्टँड, मिक्सर, केबलची पेटी आणि वाद्य अशी बेरीज केली तर आकडा सहज पन्नाशीच्या पुढे जातो.

ही बेरीज हातांमध्ये वाटायची आमची पद्धत अशी: वाद्य पाठीवर, ट्रॉली एका हातात, दुसरा हात रिकामा. तो रिकामा हात सोडू नका. दार त्याच हाताने उघडायचं असतं, जिन्याचा कठडाही त्यानेच धरायचा असतो. दोन्ही हात अडकलेला माणूस दार पायाने ढकलतो, तोल जातो, आणि मग वाद्य आणि कंबर दोन्ही धोक्यात.

दुसरा स्पीकर खरंच लागतो का, हेही एकदा तपासा. लहान खोलीत, तीस-चाळीस श्रोत्यांसमोर, स्टँडवर नीट उंच लावलेला एक स्पीकर बहुतेक वेळा पुरतो. आयोजकांना फोन करून चार गोष्टी विचारा: जागेवर स्पीकर आहेत का, गाडी किती जवळ येते, पायऱ्या किती, लिफ्ट आहे का. सामान कमी झालं तर आमची एखादी केस कमी विकली जाईल. तरी हा सल्ला आम्ही मनापासून देतो.

केस कोणती घ्यावी

मऊ गिग बॅग पाठीवर सहज बसते आणि एका फेरीच्या हिशोबात तीच सोयीची. मात्र तिच्यावर काही पडलं तर मार थेट वाद्याला बसतो. हार्ड केस धक्का अडवते, पण एक हात कायमचा अडकवते. प्लायवुड आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची फ्लाइट केस दुसऱ्यांच्या हाती सामान सोपवणाऱ्यांसाठी. स्वतःच सामान उचलणाऱ्या कलाकाराला आम्ही ती सहसा सुचवत नाही. मधला एक पर्याय आहे, कडक फोमची अर्धकडक केस, पाठीवर घेता येणारी. स्वतःच्या गाडीने किंवा टॅक्सीने फिरणाऱ्यांना आम्ही बहुतेक वेळा हीच देतो.

गिटार कुठे मोडते हे कळलं की केस निवडणं सोपं जातं. स्टीलच्या सहा तारा मिळून नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावर, साधारण ७० किलोचा ताण देतात. केस झाकणाच्या बाजूने पडली की गिटारचं पोट थांबतं, पण खुंट्यांच्या वजनामुळे हेडस्टॉक (खुंट्या बसवलेला टोकाचा भाग) पुढे जात राहतो, आणि ताराही त्याच दिशेने ओढत असतात. मग खुंट्यांच्या खाली, जिथे लाकूड सगळ्यात बारीक असतं, तिथे चीर जाते. केसला बाहेरून ओरखडाही नसतो. म्हणून केस घेताना आत हात घालून बघा: आधार नेकखाली हवा, आणि हेडस्टॉक कशालाही न टेकता मोकळा राहायला हवा. झाकण लावून केस हलकेच हलवा. आतून ठक् असा आवाज आला तर पोटाच्या दोन्ही बाजूंना मऊ कापडाची घडी सारा. लांबच्या प्रवासाला निघताना तारा एक-दोन स्वर उतरवून ठेवा.

आतला फोमही म्हातारा होतो. पॉलियुरेथेन फोम काही वर्षांनी चिकट होतो, मग भुगा होऊ लागतो. बोटाने दाबा: खळगा तसाच राहिला किंवा बोटाला पिवळसर पूड लागली, तर फोम बदलायला हवा. तो भुगा बटणांमध्ये आणि सॉकेटमध्ये शिरतो, आणि साफ करताना आम्हाला वाद्य उघडावं लागतं. जुन्या पद्धतीचं नायट्रोसेल्युलोज पॉलिश असलेल्या वाद्याचं तर आम्हाला आधीच सांगा. काही रबर आणि विनाइल त्या पॉलिशला चिकटतात, डाग पाडतात. त्यासाठी अस्तर वेगळं वापरावं लागतं.

मिक्सरचे नॉब आडव्या धक्क्याने तुटतात, म्हणून त्यावर कडक झाकण हवं. हार्मोनियम हलवण्याआधी भाता बंद करून अडकवून टाका. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बंद केल्यावर लगेच उचलू नका. व्हॉल्व्ह तापलेले असताना धक्का सोसत नाहीत, तोवर केबल गुंडाळून घ्या.

केबल

कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये केबल गुंडाळायची सवय अनेकांना असते. ती मोडा. एकाच दिशेने घातलेलं प्रत्येक वेटोळं केबलला एक पूर्ण पीळ देतं. दहा वेटोळी म्हणजे दहा पीळ. पुढच्या वेळी केबल जमिनीवर सापासारखी वळते आणि आतल्या तारा जॅकपाशी तुटतात. पहिलं वेटोळं नेहमीसारखं घ्या, दुसरं घेताना मनगट आतल्या बाजूला वळवून केबल उलटी धरा, तिसरं पुन्हा सरळ. एका वेटोळ्याचा पीळ दुसऱ्याने सुटतो. दहा मीटरची केबल अशी गुंडाळली तर एक टोक धरून फेकल्यावर ती गाठ न पडता सरळ उलगडते. हाताला वळण पडायला एक संध्याकाळ पुरते. आमच्याकडे आलात तर समोर बसून शिकवू.

अॅडॅप्टरवर आजच नावं लिहा. गिटारच्या बहुतेक पेडलना ९ व्होल्टचा, आतला टोक ऋण असलेला अॅडॅप्टर लागतो. अनेक कीबोर्डना १२ व्होल्टचा आणि आतला टोक धन असलेला. पिन मात्र सारखीच दिसू शकते, आणि अंधाऱ्या स्टेजवर घाईत चुकीचा लागला तर उपकरण जळू शकतं.

ट्रॉली आणि गाडी

ट्रॉली घेताना चाकं बघा. पाच सेंटिमीटरची कडक प्लास्टिकची चाकं फरशीच्या प्रत्येक सांध्यात अडकतात आणि सगळा थरकाप सामानात पोचवतात. स्पीकरचे स्क्रू असेच सैल होतात. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी, रबराची चाकं घ्या. सगळ्यात जड वस्तू तळाला, चाकांच्या जवळ. बांधायला लवचीक दोरीऐवजी बकल असलेला सपाट पट्टा वापरा. लवचीक दोरी पायरीवर ताणली जाते आणि वरची पेटी उडी मारते.

गाडीत जड सामान खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा आणि पट्ट्याने बांधा. हे आम्ही कळकळीने सांगतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर आदळून थांबली, तर मोकळा ठेवलेला स्पीकर त्याच वेगाने पुढे येतो. १० मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या स्पीकरला तेवढाच वेग असतो. पुढे तुमचं डोकं असतं. ट्रॉली मात्र सगळ्यात शेवटी आत ठेवा, कारण उतरताना ती सगळ्यात आधी बाहेर यायला हवी.

बंद गाडीत वाद्य ठेवून जेवायला जाऊ नका. बाहेर ३५ अंश असताना उन्हातली बंद गाडी तासाभरात ५० अंशांच्या पुढे जाते. त्या उष्णतेत लाकूड जोडणारा डिंक मऊ होतो, तारांचा ताण चालूच असतो, आणि ब्रिज (पोटावरची, तारा अडकवलेली पट्टी) मागच्या बाजूने उचलला जातो. लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. थंड गाडीतून उबदार, दमट खोलीत आलात तर केस अर्धा तास बंदच ठेवा. मिक्सर आणि कीबोर्डवरही दव धरतं, ते सुकल्याशिवाय बटण दाबू नका.

विमानाने जाताना

बऱ्याच विमान कंपन्या सामानाच्या लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटर आणि वजन २३ किलो इतकं साधं सामान म्हणून धरतात. ३२ किलोच्या वरचा एकच नग सहसा घेतच नाहीत. तिकीट काढण्याआधी वाद्याबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. बॅटरीवर चालणारा स्पीकर असेल तर बॅटरीवरचा वॉट-तासाचा आकडा बघा. तो लिहिलेला नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. १०० पर्यंत अडचण येत नाही, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, त्याहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. सुटी बॅटरी नेहमी हातातल्या सामानात ठेवा.

दुसऱ्या देशात जाताना लाकडाचाही प्रश्न येतो. २०१७ मध्ये डाल्बर्जिया जातीची सगळी शिसवी लाकडं साइट्स करारात (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात) आली आणि वाद्यांनाही कागदपत्रं लागू लागली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोझवुड आणि हस्तिदंत यांना ती नाही. तसं जुनं वाद्य तुमच्याकडे असेल तर वाद्य-प्रमाणपत्र काढा, ते तीन वर्षांपर्यंत चालतं.

निघताना मोजा

प्रत्येक नगावर अंक चिकटवा आणि एकूण संख्या पाठ ठेवा. आत जाताना सहा, बाहेर पडताना सहा, टॅक्सीतून उतरताना सहा. कार्यक्रमानंतरचा थकवा कुणालाही सोडत नाही. १९९९ मध्ये यो-यो मा यांच्यासारखा चेलोवादक न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीच्या डिकीत मोंतान्याना या कारागिराने बनवलेला आपला १७३३ सालचा चेलो विसरला होता. तो सुखरूप परत मिळाला. टॅक्सीची पावती खिशात ठेवा, आणि केसच्या आतल्या बाजूला तुमचा फोन नंबर लिहून ठेवा. बाहेरचं लेबल फाटतं.

आमच्याकडे येताना

वाद्य बरोबर आणा. कागदावरच्या मापावरून आम्ही फोम कापत नाही, कारण एकाच मॉडेलच्या दोन गिटारींच्या नेकच्या मागच्या गोलाईतही फरक निघतो. नेहमी बरोबर असणारे अॅडॅप्टर, मायक्रोफोन आणि कॅपोसुद्धा आणा, त्यांच्यासाठी केसमध्येच खोबण्या करून देतो. जमलं तर गाडीची डिकीही मोजून या: दाराची रुंदी आणि आतली खोली, दोन्ही. केस तयार झाली की तुमचं सगळं सामान आमच्या दारातून एकदा बाहेर नेऊन बघू. दुसरी फेरी लागली, तर पट्टे आणि खोबण्या आम्ही पुन्हा बदलून देऊ.